रातांब्यापासून सोलांपर्यंत: पुटं किती दिली, ते आधी सांगा

मे महिन्यात आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. एका कोपऱ्यात रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळांचे क्रेट, दुसऱ्यात रसाच्या बादल्या, मधे पाटावर बसलेल्या तीन बायका, आणि सगळ्यांच्या बोटांना जांभळा रंग. तो रंग मिरगापर्यंत निघत नाही.

मी मूळची घाटावरची. आमच्याकडे आमटीत चिंच. आमसूल म्हणजे वाण्याकडची एक काळी, ओलसर पुडी, जी पित्त उठलं की आठवायची. लग्न होऊन कुडाळ तालुक्यात आले, तेव्हा पहिल्याच बाजाराला सासूबाईंनी एक सोल उचललं, बोटांत दुमडलं, वास घेतला आणि विकणाऱ्याला विचारलं, "पुटां किती दिली हत?" तो नुसता हसला. सासूबाईंनी सोल परत ठेवलं आणि आम्ही पुढे निघालो. पुट म्हणजे फळाची साल एकदा रसात भिजवून उन्हात वाळवणं. त्या प्रश्नाचा अर्थ मला कळायला दोन मोसम गेले, आणि आज आमच्या सात जणींच्या गटाचा सगळा व्यवहार त्याच प्रश्नाभोवती चालतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या परड्यात दोन-चार रातांबे उभे आहेत, किंवा ज्यांना शेजाऱ्याकडून फळ घेऊन सोलं करायची आहेत, आणि त्या खानावळवाल्यांसाठीही, ज्यांना चांगलं सोल कसं ओळखायचं ते हवं आहे.

आधी शब्द

झाड आणि ताजं फळ म्हणजे रातांबा. दक्षिणेकडे, गोव्याच्या बाजूला भिरंड. फळाची साल रसात भिजवून वाळवली की ते सोल किंवा आमसूल. मिठात मुरवलेला रस म्हणजे आगळ. बियांतून निघणारं, थंड झाल्यावर घट्ट होणारं तेल म्हणजे मुठेल, कारण ते मुठीत दाबून गोळे करायचे. शहरात या सगळ्याला सरसकट कोकम म्हणतात. त्यामुळे फोनवर ऑर्डर घेताना "तुम्हाला कोकम म्हणजे नक्की काय हवंय?" हे विचारायचंच. मुंबईच्या एका ताईंना सरबत हवं होतं, आम्ही आगळ पाठवलं. त्यांनी त्यात साखर-पाणी घालून पाहुण्यांना दिलं. पुढचं सांगत नाही.

झाडाखाली

रातांब्याचं झाड नर असतं किंवा मादी. बी लावून आलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून नवीन लावायचं असेल तर मादी झाडाचं कलम घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' अशा दोन जाती दिल्या आहेत. हातीसचं फळ मोठं असतं. अमृताचं फळ लहान, पण बरंचसं पावसाआधी हाती लागतं, आणि सोलं करणाऱ्याला याहून मोठा गुण दुसरा नाही. दहा मादी कलमांमागे एक नर झाड राहू द्या. "फळत नाय" म्हणून नर झाडावर कुऱ्हाड चालवणारे महाभाग आमच्या वाडीतही आहेत. दोन वर्षांनी मादी झाडं का रोडावली म्हणून तेच विचारत येतात.

एका झाडाची सगळी फळं एकदम पिकत नाहीत. गडद लाल किंवा जांभळट झालेली, दाबल्यावर किंचित नरम लागणारी फळंच काढायची. आकडीने फांदी झोडपू नका. फळ जमिनीवर आपटून फुटलं की त्याच दिवशी आंबतं आणि क्रेटमधल्या बाकीच्यांनाही लावतं. खाली जुनी साडी किंवा तरट धरून फांदी हलवली तरी पिकलेली फळं पडतात. जमिनीवर आधीच गळलेली फळं वेगळ्या टोपलीत ठेवायची आणि ती सोलांत मिसळायची नाहीत. त्यांची बी तेवढी घ्या.

काढलेलं फळ दोन दिवसांत फोडायला हवं. म्हणून तोडणीचा दिवस माणसं पाहून ठरवायचा. आमचा अनुभव असा की तीन सराईत बायका दिवसाला शंभर किलो फोडतात. फोडणाऱ्या दोघीच असतील तर दीडशे किलो उतरवून घेण्यात शहाणपण नाही.

फोडणीचा दिवस

फळं स्वच्छ पाण्यात दोनदा धुऊन चाळणीत निथळू द्या. वरचं पाणी सुकल्याशिवाय फोडायला घेऊ नका, नाहीतर रस पातळ होतो.

पहिल्या वर्षी मी विळीवर फोडायला बसले. अर्ध्या तासात सालींच्या कडा काळ्या पडल्या. कोकमातलं आम्ल लोखंडाला सोडत नाही. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांचीही तीच गत. रंग बिघडतो आणि धातू अन्नात उतरतो. चाकू स्टेनलेस स्टीलचा घ्या. रस ठेवायला चिनीमातीची बरणी, काच किंवा अन्नासाठीच बनवलेल्या प्लास्टिकची बादली किंवा पिंप घ्या. स्टीलचं पातेलं तासाभरासाठी ठीक आहे. मीठ आणि आम्ल एकत्र रात्रभर राहिलं की हलक्या स्टीलला टिकल्या पडतात. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वस्तात मिळतात, त्या कितीही घासल्या तरी वापरायच्या नाहीत.

फळ आडवं कापायचं म्हणजे दोन वाट्या होतात. अंगठ्याने बी-गर एका भांड्यात, साल दुसऱ्या भांड्यात. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, नाहीतर रात्री झोप लागणार नाही. किडकी, डाग पडलेली, आतून तपकिरी झालेली फळं तिथेच बाजूला काढा. दहा किलो फळाला साधारण पाच किलो साल पडते.

पुटं

आता मुख्य काम.

बी-गरात मीठ घालायचं, किलोला शंभर ग्रॅम. आमच्याकडे जाडं मीठ वापरतात. सासूबाई अजूनही शिरोड्याच्या मिठाचं नाव काढतात, म्हणजे ज्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला त्या शिरोड्याचं. मीठ घालून गर हाताने चांगला कुस्करला की लाल रस सुटतो. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या चाळणीतून गाळून बी वेगळी करा, रस ठेवा. हा रस म्हणजे तुमचं भांडवल. सालीत स्वतःचा आंबटपणा असतोच, पण सोलाला काळसर लाल रंग, जाडी आणि जिभेवर रेंगाळणारी चव येते ती या रसामुळे.

एक पुट म्हणजे एक रात्र आणि एक दिवस. संध्याकाळी साली रसात बुडवायच्या, वर ताटली ठेवून त्यावर वजन ठेवायचं, म्हणजे एकही साल वर तरंगत नाही. सकाळी आठच्या सुमारास काढून निथळायच्या आणि पसरायच्या. पिळायच्या मात्र नाहीत. उन्हात, एकेरी थरात, आतली बाजू वर. दुपारी एकदा उलटायच्या. संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून परत रसात. झालं एक पुट.

पहिल्या पुटानंतर साल नुसती लुळी पडते, रंग फिकट गुलाबी. नवखी माणसं इथे घाबरतात आणि अजून एक दिवस उन्हात ठेवतात. तसं करू नका. साल पुरती कडक झाली की ती पुढचा रस नीट शोषत नाही. ती चामड्यासारखी, वाकणारी हवी. दुसऱ्या पुटाला रंग चढतो. तिसऱ्याला कडा आत वळायला लागतात. चौथ्याला साल जड लागते, बोटाला चिकटते. पाचव्याला बादलीतला रस जवळजवळ संपलेला असतो आणि उरलेला काकवीसारखा दाट होतो. पाचव्यानंतर दोन दिवस नुसतं वाळवायचं, रसात घालायचं नाही.

म्हणजे फोडणीपासून सात दिवस कडक ऊन लागतं. बाजारात भरपूर सोलं अशी मिळतात ज्यांना एक-दोन पुटंच दिलेली असतात, आणि मग वजन भरायला वरून मीठ. मिठाने ओल धरते, ओलीने वजन वाढतं, आणि गिऱ्हाईक मिठाचे पैसे सोलांच्या भावाने देतं. सासूबाईंचा हिशेब सरळ होता, "मिठाक कंजूषी करू नको, पण मीठ विकू नको."

बिनमिठाचं, रसात न भिजवता नुसतं वाळवलेलं सोलही असतं. व्यापारी त्याला पाकळी म्हणतात. तो वेगळा माल आहे, वाईट माल नव्हे. कमी मीठ खाणाऱ्यांना तोच हवा असतो. फक्त त्याला पाकळी म्हणूनच विका.

वाळवण कशावर घालायचं? बांबूची चटई किंवा सुपं, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच मांडवावर, वर मच्छरदाणीचं कापड. खळ्यात थेट जमिनीवर पसरलं की कोंबड्या, माती आणि मुंग्या यांचा वाटा ठरलेला. डांबरी रस्त्यावर घालू नका. चार पैशांच्या उन्हासाठी लोक धूळ, डिझेल आणि कुत्री यांच्या हवाली माल करतात, आणि मग गावातल्या सगळ्यांच्याच सोलांचं नाव खराब होतं.

सोल झालं की नाही हे पाहायचं तर दुमडून बघा. मोडत नाही पण ओलही सुटत नाही, बोटाला रंग लागतो पण पाणी लागत नाही, मूठभर सोलं दाबून सोडली तर गोळा न राहता हळूहळू सुटी होतात. तरीही लगेच पिशव्या भरू नका. सगळी सोलं एका मोठ्या डब्यात घालून चार दिवस झाकून ठेवा. काही जास्त सुकलेली असतात, काही कमी. डब्यात ओल सारखी होते. पाचव्या दिवशी झाकणाच्या आत दव दिसलं तर पुन्हा ऊन. आमचा एक अख्खा डबा या चार दिवसांच्या आळसापायी बुरशीला गेला. वरून चांगला दिसत होता, मधे पांढरी जाळी.

दहा किलो फळाला आमच्याकडे सव्वा ते दीड किलो सोलं पडतात. तुमच्या झाडाचं, सालीच्या जाडीचं प्रमाण वेगळं असेल, म्हणून पहिल्याच दिवसापासून वजनं वहीत लिहा. तारीख, फळाचं वजन, सालीचं वजन, मीठ, पुटं, सोलांचं वजन. सहा रकाने पुरतात.

पाऊस आला तर

'आला तर' म्हणणं उदारपणाचं झालं. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, म्हणजे आमच्या डोक्यावर त्याच्याही आधी. ज्यांचे रातांबे झाडावर होते त्यांचे झाडावर राहिले, आणि ज्यांच्या साली दुसऱ्या पुटात होत्या त्यांची धावपळ कोणी विचारू नये. "पावस इलो तर उचलूक कोण हा?" हा प्रश्न चटई पसरण्याआधी विचारायचा असतो, आणि उत्तर म्हणून दोन माणसांची नावं तयार हवीत.

साली अर्धवट वाळलेल्या असताना आभाळ भरून आलं, तर त्या घरात ढिगाने ठेवू नका. ओलसर ढीग चोवीस तासांत तापतो आणि बुरशी धरतो. उलट त्या परत रसात बुडवा आणि रसाच्या किलोमागे आणखी पन्नास ते शंभर ग्रॅम मीठ घाला. खारट, आंबट रसात साल पाच-सहा दिवस सुखरूप राहते. उघडीप मिळाली की पुढचं पुट सुरू. ही सोलं थोडी खारट होतात. ती वेगळी ठेवा, पिशवीवर तसं लिहा आणि थोडी स्वस्त द्या.

पंधरवडाभर उघडीप नाहीच असं दिसलं, तर सोलांचा नाद सोडून आगळ करा. आणि गट असेल तर वाळवणयंत्राचा विचार करा. प्लास्टिकच्या आच्छादनाचा सौर बोगदा असो की विजेवरचं कपाट, तापमान ५५ ते ६० अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून वर गेलं की रंग करपतो. चुलीवरच्या माळ्यावर सुकवण्याची जुनी पद्धत घरच्यापुरती चालते. धुराचा वास मात्र सोलाला चिकटतो, आणि सोलकढीत तो लपत नाही.

आगळ आणि सरबत

आगळासाठी पूर्ण पिकलेली, मऊ पडलेली, पण डाग नसलेली फळं. फोडून सालीसकट बरणीत घाला, किलो फळाला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. सात दिवस सावलीत ठेवा आणि रोज लाकडी डावाने तळापासून ढवळा. आठव्या दिवशी गाळा, बाटल्या भरा. उकळायचं नाही, पाण्याचा थेंब नाही. बरणीत फेस आला, बुडबुडे सुटले, ताडीसारखा वास आला, तर मीठ कमी पडलं असं समजा. तो माल वाचवायच्या भानगडीत न पडता टाकून द्या. आगळ काचेच्या बाटलीत आणि अंधाऱ्या फडताळात ठेवा, कारण उजेडाने त्याचा लाल रंग विटकरी होतो.

सरबताचा पाक, ज्याला अमृत कोकम म्हणतात, तो आणखी सोपा. ताज्या साली एक किलो, साखर दोन किलो, बरणीत थरावर थर. सात दिवस रोज हलवा, साखर विरघळली की गाळा. साखर कमी केली की टिकाऊपणा गेला. "कमी गोड द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पाणी जास्त घाला म्हणून सांगा.

बी टाकू नका

गाळून निघालेली बी धुऊन आठ-दहा दिवस खडखडीत वाळवा. हलवल्यावर आत दाणा वाजला की झाली. मग कवच फोडून दाणा कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल डावाने काढून थंड करायचं. घट्ट होत आलं की मुठीत दाबायचं. टाचांच्या भेगांवर याच्यासारखं दुसरं काही नाही. हल्ली साबण आणि मलमं करणारे कारखाने हेच मागतात, म्हणून वाळलेली बी व्यापारीही विकत घेतात. मुठेल काढायला सवड नसेल तर बी तरी विका. मात्र ती ओली असताना पोत्यात भरू नका.

हिशेब

इथे सगळ्यांचा घोळ होतो. समजा शंभर किलो रातांबे घेतले, किलोला ३० रुपये: ३,००० रुपये. फोडायला तीन बायका एक दिवस, रोज ४०० रुपये: १,२००. पुटं देणं, पसरणं, उलटणं, उचलणं याला सात दिवस अर्धा-अर्धा दिवस, म्हणजे साडेतीन रोज: १,४००. मीठ १००, पिशव्या आणि लेबलं ५००, वाहतूक ३००. एकूण ६,५००. सोलं पडली १३ किलो. म्हणजे किलोला ५०० रुपये तुमचा खर्चच झाला, नफा अजून धरलेला नाही. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. तुमच्या गावचा फळाचा भाव आणि रोज घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

त्यातली १,४०० रुपयांची ओळ पाहा. बहुतेक घरांत ती लिहिलीच जात नाही. झाड घरचं, म्हणून फळ फुकट. बायका घरच्या, म्हणून सात दिवस फुकट. मग सोलं तीनशेला विकली तरी फायदा झाल्यासारखं वाटतं. आणि हा हिशेब न मांडणाऱ्या घरातच पुढच्या वर्षी "कशाक इतकी पुटां" असं म्हणत पुटं कमी होतात, कारण त्या कष्टाला किंमत आहे हे कोणी कागदावर पाहिलेलंच नसतं. आमच्या गटात प्रत्येक पुटाची मजुरी वेगळी लिहितो. पाच पुटांचं सोल आणि तीन पुटांचं सोल, दोन भाव. तीन पुटांचं घ्यायलाही लोक येतात, रोजच्या आमटीला ते चालतं. पण काय घेतोय ते त्यांना ठाऊक असतं.

पिशवीवर काय

विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षा नोंदणी हवी. एफएसएसएआयच्या पोर्टलवर लहान उत्पादकांसाठी साधी नोंदणी असते. उलाढालीची मर्यादा आणि फी तिथेच त्या दिवशी पाहून घ्या, गावातल्या एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. मिळालेला १४ अंकी क्रमांक पिशवीवर छापायचा. सोबत मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, कमाल किंमत, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण. बेंझोएटसारखं टिकाऊ रसायन सरबतात घातलं असेल तर तेही लिहायचं, आणि ठरलेल्या मर्यादेतच घालायचं.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. पण ते चिन्ह कोणीही उचलून छापायचं नसतं. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवावं लागतं.

कायद्याने मागितलेली नाही अशी एक ओळ आम्ही घालतो: 'पुटं: पाच'. आगळाच्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'यात मीठ आहे, पदार्थात वेगळं घालण्याआधी चाखा'. या दुसऱ्या ओळीने निम्मे तक्रारीचे फोन बंद झाले.

कोणाला विकायचं

सगळ्यात जवळचा रस्ता चाकरमान्यांचा. मे महिन्यात आलेले नेतात ते मागच्या वर्षीचं, आणि गणपतीला आलेले नवं. म्हणून अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या चतुर्थीआधी तयार हव्यात. मुंबईच्या गाडीत बॅगेत मावेल अशी, न गळणारी पिशवी. आगळाच्या बाटलीचं बूच सैल निघालं आणि एकाच्या पांढऱ्या सदऱ्यांचं वाटोळं झालं, तेव्हापासून आम्ही प्रत्येक बाटली भरल्यावर रात्रभर उलटी ठेवून बघतो.

बचत गट 'उमेद'शी, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी, जोडलेला असेल तर मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जागा मिळण्याचा मार्ग आहे. तिथे विक्री होते, पण खरा फायदा फोन नंबरांचा. वही घेऊन बसा.

घाऊक व्यापाऱ्याला सगळा माल एकदम देण्याचा मोह होतो, विशेषतः जूनमध्ये, जेव्हा शाळेची फी आणि खताचे पैसे एकाच आठवड्यात लागतात. आम्ही पहिल्या वर्षी दिला. त्याने आमचं पाच पुटांचं सोल दुसऱ्या मालात मिसळलं, आणि सगळं एकाच भावाने गेलं. आता निम्म्याहून जास्त त्याला देत नाही.

आणि खानावळी. इथे पैसे लवकर मिळतात आणि खरी परीक्षाही होते. मासे करणाऱ्या बाईला सोल सुंदर दिसण्याशी देणंघेणं नसतं. तिला दर महिन्याला त्याच आंबटपणाचं सोल हवं असतं, म्हणजे किलोभर बांगड्यांच्या तिखल्याला तिच्या हाताला सवय झालेली सहा-सात सोलं रोज पुरतात. एका महिन्यात पाच पुटांची आणि पुढच्या महिन्यात दोन पुटांची दिलीत तर तिचं कालवण बिघडतं, आणि गिऱ्हाईक तिला बोलतं, तुम्हाला नाही. म्हणून खानावळीला द्यायचा माल मोसमातच वेगळा काढून ठेवा, एका बॅचचा.

घेणाऱ्यांसाठी कपाची चाचणी. पाच सोलं मोजून एका कप गरम पाण्यात दहा मिनिटं. शेजारी दुसऱ्या मालाची पाच, तेवढ्याच पाण्यात. रंग, आंबटपणा, खारटपणा ताडून बघा. पाणी आधी खारट आणि मग आंबट लागलं, तर तुम्ही मीठ विकत घेताय. रंगाबद्दल शंका असेल तर चमचाभर पाण्यात चिमटीभर खायचा सोडा टाका. कोकमाचा खरा लाल रंग सोड्याने निळसर, काळपट होतो. तो तसाच लालभडक राहिला तर वरून रंग घातल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

सोलकढीची गोष्ट निघालीच आहे म्हणून, कारण आगळ विकत घेणारे निम्मे लोक हेच विचारतात. एका नारळाचं दाट आणि पातळ दूध काढून एकत्र करा. लसणीच्या तीन-चार पाकळ्या, एक हिरवी मिरची, थोडं जिरं ठेचून त्यात पिळा. मग आगळ एकेक चमचा घालत जा. रंग फिकट गुलाबी आणि चव जिभेला बरी लागली की थांबा. मीठ आगळातच आहे. कोथिंबीर. गॅसवर चढवू नका, नारळाचं दूध आंबटाबरोबर तापलं की फाटतं. नारळ नसेल त्या दिवशी आगळात नुसतं पाणी, लसूण आणि मिरची घातली की ती फुटी कढी, आणि तळलेल्या मासळीबरोबर मला खरं तर तीच जास्त आवडते. चिंच आणि सोलं मात्र एका कालवणात घालू नका. दोन आंबट एकमेकांना मारतात, हे मी घाटावरून आलेल्या हाताने पुष्कळदा करून पाहिलंय.

सोलं काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत कोरड्या जागी ठेवली तर वर्षभर आरामात टिकतात, पुढे काळी पडत जातात. काळं सोल म्हणजे खराब सोल नव्हे. बुरशीचा वास आणि पांढरी जाळी आली तरच टाकायचं. मीठ वर फुलून आलेलंही पांढरंच दिसतं, पण ते पाण्यात विरघळतं. बुरशी विरघळत नाही.

दर बॅचमधली मूठभर सोलं एका लहान बाटलीत घालून, वर तारीख आणि पुटं लिहून ठेवा. कोणी तक्रार केली तर तीच बाटली काढून दोघांनी मिळून कप लावायचा. चैत्रात परड्यातला पहिला रातांबा रंगायला लागला की आम्ही गेल्या वर्षीच्या सगळ्या बाटल्या पडवीत मांडतो, सासूबाईंना चिठ्ठ्या न दाखवता एकेक कप देतो, आणि त्या पुटं ओळखतात. गेल्या वर्षी सहांपैकी पाच बरोबर आली. सहाव्याला त्या "दोन" म्हणाल्या, चिठ्ठीवर चार होती. वही काढली, तर त्या आठवड्यात पुटं द्यायची पाळी माझी होती, आणि दोन दिवस ढगाळ.